चिकटलं किती, धुतलं किती

एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, थीसिसचा विषय सांगायला सोपा होता. झिर्कोनिया म्हणजे दातांच्या कॅपसाठी वापरतात ते पांढरं सिरॅमिक; त्याच्या चकत्यांना पॉलिश, ग्लेझ (काचेचा लेप) आणि सँडब्लास्ट (बारीक कणांचा मारा करून खडबडीत करणं) असे तीन प्रकार करायचे आणि कशावर जंतू जास्त बसतात, कशावर हिरडीच्या पेशी, ते पाहायचं. कॅपची कड हिरडीला टेकते, तिथे पेशींनी धरावं आणि जंतूंनी धरू नये, अशी आपली अपेक्षा. एकाच दारातून पाहुण्याला आत घ्यायचं आणि चोराला नाही, तशातली गत.

पहिली फजिती रामबागेजवळच्या लॅबमध्ये झाली. न भाजलेला झिर्कोनिया खडूसारखा मऊ असतो आणि साधारण 1500 अंशांच्या भट्टीतून निघाला की प्रत्येक बाजूनं पाचव्या हिश्शाहून थोडा जास्तच आटतो. मी "10 मिलिमीटरच्या द्या" एवढंच म्हटलं, त्यांनी कच्च्याच 10 च्या कापल्या. हातात आल्या आठच्या. लॅबवाले काका म्हणाले, "डॉक्टर, कापड आधी भिजवून मग बेतायचं असतं." चूक माझी होती, पैसेही माझेच गेले.

मग लाळ. दातावर किंवा कॅपवर जंतू थेट बसत नाहीत; आधी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो आणि त्यावर ते येतात. म्हणून चकत्या लाळेत भिजवायच्या होत्या. एथिक्स कमिटीची परवानगी आली, पण देणाऱ्यांनी दोन तास आधी काही खायचं नाही अशी अट होती. सकाळी नऊच्या आत पोहे न खाल्लेला माणूस इंदुरात शोधून दाखवा!

स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स हा दात किडवणारा जंतू वाढवणं तुलनेनं सुरळीत झालं. बरणीत मेणबत्ती लावून झाकण घट्ट बंद करायचं. ज्योत विझेपर्यंत आतला ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ते या जंतूला मानवतं.

खरी अडचण धुण्यात होती. न चिकटलेले जंतू काढायला चकती सलाइननं तीनदा धुवायची, मग उरलेले सोडवून प्लेटवर मोजायचे. पहिल्या फेरीत एकाच प्रकारच्या दोन चकत्यांवर कॉलनींचे, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यांचे, आकडे इतके वेगळे आले की मी भेसळीचा संशय धरला. आठवडाभर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, जंतू वाढवायचा मीडिया, सगळं तपासलं. शेवटी माझ्या गाइड मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सकाळी तू हळू धुतेस, संध्याकाळी घरी जायच्या घाईत धार सोडतेस." म्हणजे मी मोजत होते ती माझी घाई. त्यानंतर पिपेटचं टोक चकतीवर नाही, वेलच्या, म्हणजे चकती ठेवलेल्या खणाच्या, भिंतीला टेकवायचं, आकडे मोजत सोडायचं आणि सगळ्या चकत्या एकाच बैठकीत उरकायच्या असं ठरवलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, आम्ही तांदूळही तीनच पाण्यांनी धुतो, एवढा थीसिस नाही लिहिला कुणी."

पेशींच्या भागातही तेच. एमटीटी या चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग देतात, पण तो रंग धुतल्यावर किती पेशी उरल्या त्यावरच.

सँडब्लास्ट केलेल्यावर जंतू सर्वांत जास्त, हे अपेक्षितच होतं. पॉलिश आणि ग्लेझमध्ये मला ठळक फरक दिसला नाही, आणि मी खट्टू झाले. मॅडमनी 1997 सालचा बेल्जियमच्या संशोधकांचा निष्कर्ष काढायला लावला: खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या खाली गेला की आणखी गुळगुळीत करून जंतूंचा थर फारसा कमी होत नाही. माझ्या दोन्ही गटांचे आकडे त्याच्या खालीच होते. शिवाय ग्लेझ ही वर चढवलेली काच. जंतूंना तिथे झिर्कोनिया भेटतच नाही, आणि चावून ती झिजते.

व्हायवात परीक्षकांनी आलेखांकडे पाहिलंही नाही. पहिला प्रश्न आला, "धुतलं कसं?" मी पिपेट धरल्यासारखा हात करून दाखवला.