गारांचा फोटो

बुधवारी दुपारी दीडला डबा उघडून बसले होते, तेवढ्यात कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. ‘ताई, यादी दिसतेय, नावं आहेत, गट नंबर आहेत. पण फोटोच्या जागी नुसती फाटक्या कागदाची खूण येतेय.’

आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला चोपडा तालुक्यात वावधन सुटलं होतं आणि त्याच्यासोबत गारा. मे महिन्यातली आमच्याकडची दुपार ज्याने सोसली आहे त्याला आभाळ भरून आलं की बरं वाटतं, पण ज्याची केळी निसवली आहे त्याला नाही वाटत. वाऱ्याने खोडं मधोमध मोडतात, गारांनी पानांच्या चिंध्या होतात. घडावर जिथे गार बसली तिथे काळा डाग उमटतो आणि व्यापारी त्या मालाला हात लावत नाही.

विम्यासाठी गारपिटीचं नुकसान शेतकऱ्याला स्वतः ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. आमचं वेब ॲप त्या सूचनेचं नव्हतं. ते एका शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांसाठी करून घेतलं होतं. नाव, गट नंबर, मृगबाग की कांदेबाग (म्हणजे केळीची लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीची की नंतरची), किती झाडं पडली आणि सोबत फोटो, एवढी नोंद करायची. कंपनीतली मुलं त्याचे प्रिंट काढून प्रत्येकाच्या कागदांना जोडणार होती. पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात स्वतःचा पुरावा असावा, एवढाच हेतू. मी आणि एक सहकारी, दोघांनी जळगावात बसून ते बांधलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

बुधवारी सकाळी सातपासूनच तक्रारी यायला लागल्या होत्या, पण त्या वेगळ्या होत्या: फोटो जातच नाही. लॉग उघडला तर रांगेने ४१३. फाइल फार मोठी, असं सर्व्हर सांगत होता. एन्जिनएक्स म्हणजे सर्व्हरच्या दारात बसून येणाऱ्या विनंत्या आत घेणारा प्रोग्राम; त्याला काही सांगितलं नाही तर तो एका विनंतीत १ एमबीपेक्षा जास्त घेत नाही, आणि आजच्या साध्या फोनचा फोटोसुद्धा ३-४ एमबीचा असतो. चाचणी करताना मी आकार कमी केलेले फोटो वापरले होते, म्हणून ही अडचण तोवर पुढे आलीच नव्हती. एका ओळीचा बदल होता. मर्यादा २० एमबी केली, ११ वाजून ४० मिनिटांनी डिप्लॉय केलं, म्हणजे बदललेला कोड सर्व्हरवर चढवला, आणि फोटो धडाधड यायला लागले. चोपड्याहून एकाचा ‘आता जातोय ताई’ असा मेसेजही आला.

आता दीड वाजता मी यादी वेळेप्रमाणे लावली. ११:४० नंतरचे सगळे फोटो धड. ११:४० च्या आधीचे सगळे तुटलेले, एकूण ५८.

आकडा समोर आला तेव्हाच कळलं काय झालंय. हात गार पडले.

कंपनीच्या मॅनेजरांना मी ते नंतर असं सांगितलं. आठवडी बाजारात व्यापारी पाल ठोकतो. माल दिवसभर पालात असतो, पण संध्याकाळी पाल उपटलं की त्या जागी काही उरत नाही. आमचं ॲप क्लाउडवर एका कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्यापुरत्या उभ्या केलेल्या बंदिस्त डब्यात, चालत होतं. नवीन कोड पाठवला की जुन्या कंटेनरची दुरुस्ती होत नाही. कोडपासून नवा कंटेनर उभा राहतो, तो नीट चालतोय अशी खात्री झाली की जुना काढून टाकला जातो, आणि त्याच्या पोटात जे काही लिहिलं गेलं असेल ते त्याच्याबरोबर जातं. डेटाबेस वेगळ्या जागी होता, म्हणून नावं आणि गट नंबर वाचले. फोटो मात्र मी कंटेनरच्याच मीडिया फोल्डरमध्ये ठेवत होते, कारण माझ्या लॅपटॉपवर ते तसं वर्षभर बिनबोभाट चाललं होतं.

त्या प्लॅटफॉर्मच्या माहितीपत्रात ही डिस्क तात्पुरती आहे असं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते. एप्रिलमध्ये चाचणीचे तीन फोटो असेच दिसेनासे झाले होते. मला वाटलं, सफाई करताना मीच उडवले असतील. ते तीन फोटो परत चढवून मी कामाला लागले होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

मागच्या आवृत्तीवर परत जाऊन पाहिलं असतं तर जुना कोड मिळाला असता, डिस्क कोरीच मिळाली असती, आणि शिवाय ११:४० नंतर नव्याने आलेले फोटोही गेले असते. ते बटण दाबायला बोट पुढे गेलं होतं, सहकाऱ्याने थांबवलं. मदत केंद्राला लिहिलं, उत्तर आलं की तो कंटेनर आता अस्तित्वात नाही.

म्हणून पहिलं काम ठरलं, जे आहे ते वाचवायचं. ११:४० नंतर आलेले फोटोही त्याच तात्पुरत्या जागेवर बसले होते, आणि असे कंटेनर आपण काही न करताही अधूनमधून रीस्टार्ट होतात. चालू कंटेनरमध्ये शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून सगळा फोल्डर एका गाठोड्यात बांधला, बाहेर काढला, दोन ठिकाणी ठेवला. दर अर्ध्या तासाने नवे आलेले फोटोही तसेच काढायचे ठरवलं, पक्की जागा तयार होईपर्यंत. मग त्या ५८ जणांची यादी घेतली.

इथे एक गोष्ट कामी आली. फोटोचं मूळ नाव आणि तो किती बाइटचा आहे तो आकडा मी डेटाबेसमध्ये वेगळ्या रकान्यांत ठेवत होते. यादी वाचताना लक्षात आलं की ५८ पैकी बहुतेक नावं एकाच घडणीची आहेत: आयएमजी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो. मग कोडं उलगडलं. सकाळी १ एमबीच्या मर्यादेतून फक्त लहान फाइली आत येऊ शकत होत्या, आणि व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतो. म्हणजे ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा होता त्यांचे फोटो सकाळी अडले आणि दुपारी सुखरूप पोचले. ज्यांनी शेजाऱ्याच्या, पुतण्याच्या फोनवरून काढून मागवून घेतले होते त्यांचे सकाळीच आत आले, आणि माझ्या दुरुस्तीने तेच नेले.

कंपनीतल्या दोन मुली, सहकारी आणि मी, चौघं फोनवर बसलो. अडावदजवळच्या एका गावातून शाळकरी मुलीने फोन उचलला, वडील बागेत गेले होते. मी तिला नाव वाचून दाखवलं: तारीख, मग डब्ल्यूए, शून्य शून्य शून्य सात. ती गॅलरीत शोधत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. ‘सापडला! बादलीत गारा आहेत, तोच ना?’ तिने लगेच पाठवला. मी बाइट पाहिले, जुळेनात. तिने परत व्हॉट्सॲपवरूनच फोटो म्हणून पाठवला होता, त्यामुळे तो पुन्हा दाबला गेला होता. मग सगळ्यांनाच सांगायला लागलो की फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसऱ्या खेपेला आला तो १,८७,४१२ बाइट, यादीतल्या आकड्याशी एकेक आकडा जुळणारा. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

रात्री अकरापर्यंत ५१ परत मिळाले.

एकीकडे फोन चालू असताना पक्की जागाही करायची होती. ॲमेझॉनच्या एस३ या फाइली साठवायच्या सेवेवर मुंबई रीजनमध्ये बकेट, म्हणजे आमच्या फाइलींची स्वतंत्र जागा, उघडली. ही सेवा २००६ पासून आहे आणि फाइलच्या प्रती निरनिराळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवते, तेव्हा यात माझ्या शोधाचं काही नाही, जे पहिल्या दिवशी करायचं ते मी त्या रात्री केलं. सहकारी दमला होता, म्हणाला, आजच्यापुरती बकेट सगळ्यांना खुली ठेवू. मी नाही म्हटलं. काही जणांनी बागेच्या फोटोबरोबर सातबारा आणि पासबुकाचे फोटोही टाकले होते. बकेट बंदच ठेवली, आणि फोटो पाहायचा तर सर्व्हर थोड्या वेळापुरता चालणारा सही केलेला दुवा देईल असं केलं.

नऊच्या सुमाराला आणखी एक धक्का बसता बसता राहिला. चाचणीसाठी परत आलेले काही फोटो बकेटमध्ये टाकले, आणि एका शेतकऱ्याच्या नोंदीत दुसऱ्याची बाग दिसायला लागली. एकात ठिबकच्या नळ्या, दुसऱ्यात नाहीत, म्हणून लक्षात आलं. दोघांच्या फाइलीचं नाव एकच होतं, डब्ल्यूए ०००३. व्हॉट्सॲप दर दिवशी प्रत्येक फोनवर हा आकडा नव्याने मोजतो, त्यामुळे एका गावात त्याच तारखेचे डब्ल्यूए ०००३ दहा सापडतील. आमचं ॲप ज्या जँगो फ्रेमवर्कवर बांधलं होतं ते साध्या डिस्कवर असं नाव आलं की शेपटी लावून वेगळं करतं. पण बकेटशी जोडणारी जी लायब्ररी मी घेतली होती ती न सांगता जुन्यावर नवी फाइल लिहिते, तसंच तिचं मूळ सेटिंग आहे. ठिबकच्या नळ्या दिसल्या नसत्या तर आम्ही एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कागदांना जोडला असता. त्यानंतर प्रत्येक फाइलला स्वतःचं आपोआप तयार होणारं नाव दिलं, मूळ नाव फक्त रकान्यात ठेवलं, आणि बकेटवर व्हर्जनिंग चालू केलं, म्हणजे वर नवी फाइल लिहिली गेली तरी जुनी प्रत राहते. गाठोड्यातले सगळे फोटो बकेटमध्ये पोचले, यादीशी मोजून जुळले, मगच मध्यरात्रीनंतर नवा कोड चढवला.

उरलेल्या सातांपैकी सहांकडे त्याच संध्याकाळचे दुसरे फोटो होते. सातवे एक आप्पा. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘फोटू भाचानी टाकेल व्हता, ताई. मन्हा फोनमा काय नही शे.’ भाच्याला फोन लावला. गारा पडून गेल्याबरोबर तो बागेत गेला होता. मोडलेला घड, त्याच्या पायथ्याशी गारांचा खच, आणि आप्पांच्या ओंजळीत गारा, असा एकच फोटो त्याने काढला होता आणि बुधवारी सकाळी ॲपवर टाकला होता. जुना फोन, जेमतेम कॅमेरा, म्हणून तो १ एमबीच्या आत बसला.

‘मग तुझ्या फोनमध्ये असेल ना?’

‘नाही ताई. हिरवी खूण आली होती ना, फोटो जमा झाला म्हणून. फोन भरला होता, मी डिलीट केला.’

ती हिरवी खूण मी काढली होती. रंग निवडायला मला अर्धा तास लागला होता. सर्व्हरने फाइल हातात घेतली की ती उमटायची. फाइल पुढे कुठे ठेवली गेली, ती तिथे टिकणार आहे का, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. भाच्याने तिच्यावर विश्वास ठेवला, आणि ठेवायलाच पाहिजे होता. त्या रात्री झोपायच्या आधी मी तेवढंच बदललं. आता सर्व्हर बकेटला पुन्हा विचारतो, फाइल आहे का, बाइट तेवढेच आहेत का, आणि हो आलं तरच हिरवी खूण दिसते. दोन-तीन सेकंद जास्त लागतात.

गुरुवारी सकाळी तापी ओलांडून चोपड्याकडे निघाले. उत्तरेला सातपुडा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता. आप्पांनी सूचना फोनवरून वेळेत दिलेली होती, ती काळजी नव्हती. पण बांधावर पडलेल्या खोडांचा ढीग लागलेला होता, मजूर निम्मी बाग साफ करून गेले होते. मला बघून आप्पांनी बांधालगतच्या ओळीकडे हात केला. ती त्यांनी तशीच ठेवली होती, मी येणार म्हणून.

घडांचे फोटो काढले, जवळून, फण्यांवरचे काळे डाग मोजता येतील असे. पानांचे काढले. आप्पांना शेजारी उभं करून एक काढला. नेटवर्कची एकच काडी होती, फोटो हळूहळू चढत होते. तिथेच बांधावर बसून लॅपटॉप उघडला, फोनचं नेट जोडलं, कंटेनर बंद करून नव्याने उभा केला आणि आप्पांची नोंद परत उघडली. फोटो एकेक करून वरून खाली उमटत गेले, सगळे.

आप्पा खाली वाकून पडद्याकडे बघत होते. ‘जमा व्हयना का?’

‘हो आप्पा, झाला. आता जाणार नाही.’

ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग विचारलं, ‘आनि गारासना?’

मी म्हटलं, तो नाही आप्पा. तो माझ्याकडून गेला.

त्यांनी मान हलवली आणि भाच्याला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं.