खुर्ची सव्वा फूट पुढे

इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी कमी खर्चात घरगुती स्टुडिओ उभारण्याचे काम आज एकदाचे मार्गी लागले आणि दिवसाचा बराचसा वेळ उपकरणे जोडण्यात नव्हे, तर सामान सरकवण्यात गेला. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारी पेटी), २५ कळांचा मिडी कीबोर्ड (दाबलेल्या सुरांची माहिती लॅपटॉपला पाठवणारा), स्पीकर आणि जुने हेडफोन ही जुळणी तासाभरात झाली. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलइतका (आवाजाच्या १२८ सूक्ष्म नोंदींइतका) छोटा ठेवल्यावर कळ दाबणे आणि आवाज येणे यांतले अंतरही जाणवेनासे झाले.

खरी अडचण किक ड्रमची, म्हणजे तालातल्या खोल ठोक्याची, होती. माझी खोली सुमारे ३.४ मीटर लांब आहे, म्हणजे तिच्या लांबीत साधारण ५० हर्ट्‌झची, म्हणजे अगदी खोल आवाजाची, स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींवर आपटून जागच्या जागी टिकणारी) तयार होते आणि तिचा दाब नेमका मध्यभागी सर्वांत कमी असतो. मी तिथेच खुर्ची मांडली होती, त्यामुळे स्पीकरमधून बास, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, ऐकू येईना म्हणून तो वाढवत राहिलो आणि तेच गाणे हेडफोनवर लावताच कानठळ्या बसल्या. खुर्ची सव्वा फूट पुढे घेतली, तेव्हा बास परत आला. फुकटात झालेली ही सुधारणा महागड्या स्पीकरनेही झाली नसती, असे माझे मत आहे.

भिंतींना पातळ फोम चिकटवण्याचा मोह मात्र टाळला, कारण तो प्रामुख्याने वरच्या पट्टीतले आवाज शोषतो आणि खालची घुमघुम तशीच राहते. त्याऐवजी लाकडी चौकटींत १० सेंटीमीटर जाडीचे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची, आवाज शोषणारी लोकर) भरून, वर जुनी चादर ताणून, दोन पॅनेल कोपऱ्यांत उभी केली. चौकटी काटकोनात आलेल्या नाहीत, पण ध्वनीची त्याबद्दल तक्रार नाही. तिसरे पॅनेल अजून अर्धेच आहे.