आमची वाटचाल: 4 मिलिमीटर कमी पडले तेव्हा

2004 साली कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन ऑल गिअर लेथवर सुरुवात केली. भागीदार म्हणजे आमचे दाजी. 2011 ला शिरोली एमआयडीसीत गाळा घेतला, जुनं हायड्रॉलिक चकचं (तेलाच्या दाबावर जॉब पकडणारं) सीएनसी लेथ आणलं. पुढची सहा वर्षं काम करण्यात गेली. लिहायचंय ते 2017 च्या पावसाळ्याबद्दल, कारण आमच्याकडं जॉब (मशिनवर पकडलेला तुकडा) उडतात, असं त्याबद्दल आजवर चुकीचंच बोललं गेलंय.

कुपवाडचे आण्णा पहिल्या चलनापासूनचे आमचे गिऱ्हाईक. पंपाच्या फ्लँज, म्हणजे जोडणीच्या गोल चकत्या, त्यांच्या. मोठ्या साइजची फ्लँज द्यायचं त्यांनी ठरवलं आणि आमच्या मशिनवर चक 165 मिलिमीटर व्यासाचा. 210 चा घेतला. स्पिंडल नोज (चक बसतो ते टोक) ए2-5 मापाचं, चक ए2-6 चा, म्हणून मधली अॅडॉप्टर प्लेट आम्ही घरी केली. शेवटचा कट प्लेट स्पिंडलवर चढवूनच घेतला. टेपर रॉकेलने पुसून, डायल लावून, रनआउट (फिरताना होणारी डुग) 0.01 मिलिमीटरच्या आत. ती प्लेट आजही कुणाला दाखवायला तयार आहे.

चक बसवायला विकणाऱ्याचा माणूस आला. चकला मागच्या सिलिंडरशी जोडणारी नळी, ड्रॉ ट्यूब, जोडली, पेडल दाबून जॉ (चकचे जबडे) उघडमीट करून दाखवले, पैसे घेऊन गेला. मागचा सिलिंडर जुनाच राहिला. त्याचा स्ट्रोक, म्हणजे आतला पिस्टन किती सरकतो, कुणी मोजला नाही, आम्हीही नाही.

पहिली लॉट नीट गेली. दुसऱ्या लॉटचं कास्टिंग बाहेरून थोडं बारीक आलं आणि तिसऱ्या दिवशी चालू कटमध्ये फ्लँज उडाली. दाराच्या पत्र्याला पोचा, काचेला तडा. दार बंद होतं म्हणून ऑपरेटर वाचला. तेलाच्या दाबाचं गेज 20 किलो दाखवत होतं. प्रेशर पूर्ण, मग पकड का नाही?

त्याच आठवड्यात समोरच्या गल्लीतल्या एका कारखानदारांनी आण्णांच्या कानावर घातलं, ‘त्यांच्याकडं जॉब उडतात.’ काम तिकडं गेलं. बँकेचा हप्ता दोनदा थकला. दाजी म्हणाले, गाळा भाड्यानं देऊ.

पण दाजींनीच ते शोधून काढलं. रात्री ड्रॉ ट्यूब सोडवली, चकचा प्लंजर (जॉ हलवणारा मधला भाग) हाताने ओढून मोजला: 16 मिलिमीटर. मग सिलिंडर मोजला: 12. वेज चकमध्ये (यात जॉ पाचरीच्या उतारावर सरकतात) हे 4 कमी म्हणजे जॉच्या व्यासावर जेमतेम पावणेदोन-दोन मिलिमीटर, आणि कास्टिंग बारीक आलं होतं नेमकं तेवढंच. जॉ जॉबला टेकत होते, पण पिस्टन आतून तळाला लागलेला. सगळा जोर सिलिंडरच्या झाकणावर, जॉबवर काहीच नाही. गेजला हे कळत नाही.

तुम्ही चक बदलणार असाल तर आधी सिलिंडरचा स्ट्रोक मोजा, नेमप्लेटवरच्या आकड्यावर जाऊ नका. जॉब पकडल्यावरही प्लंजरचा स्ट्रोक शिल्लक दिसला पाहिजे. सॉफ्ट जॉ (मापाला कातून घ्यायचे मऊ जॉ) एखादी रिंग पकडून, ज्या प्रेशरवर काम करणार त्याच प्रेशरवर बोअर करा. मोठ्या चकला जॉ जड, वेगात ते बाहेर ओढले जातात, पकड घटते. म्हणून प्रोग्रॅममधली जी50 ची (कमाल वेगाची) आरपीएम मर्यादा खाली आणा. आमच्याकडे नव्या पोराला पहिला महिना हेच शिकवतो, प्रोग्रॅम नंतर.

नवा सिलिंडर दाजींच्या उसाच्या बिलातून आला. स्ट्रोक 22. ड्रॉ ट्यूब आम्हीच नवी केली, थ्रेड तीनदा तपासून.

‘जॉब उडतो’ म्हणणाऱ्यांपैकी एकही जण येऊन बघून गेला नाही. आण्णा आले, दिवाळीनंतर, न कळवता. चहा नको म्हणाले. स्टील स्केल मागितली, स्वतः पेडल दाबलं, बिनजॉबचा जॉ किती सरकतो ते मोजलं. मग फ्लँज पकडायला लावली आणि वाकून बराच वेळ बघत राहिले.

“उद्या टेम्पो पाठवतो,” म्हणाले.

सकाळी आठला टेम्पो दारात होता.