भुरीची देवी आणि केळ्याच्या वासाची वाइन

द्राक्षबागेत खाली वाकावं लागतं हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. जन्म निफाडकडच्या खेड्यातला, घरची दोन एकर थॉमसन द्राक्षं. आमच्याकडे बाग म्हणजे तारांचा मांडव आणि काम म्हणजे मान वर. विरळणी असो की डिपिंग (घड औषधात बुडवणं), संध्याकाळपर्यंत मानेचा खुंटा होतो. आणि इथं फ्रान्समध्ये, बोजोले प्रदेशाच्या एका उतारावर, मी उकिडवा बसून गुडघ्याएवढ्या वेलीकडं बघत होतो. ना तार, ना मांडव. मनगटाहून जाड गाठाळ खोड, वर चार-पाच फाटे, पेल्यासारखे उघडलेले. या पद्धतीचं नावच ‘गोब्ले’, म्हणजे पेला. जुन्या बागांत अशा वेली हेक्टरी दहा हजारांच्या घरात, म्हणजे एकरी चार हजार! आमच्या एकरात हजार बसल्या तरी खूप. तोडणी बहुतेक हातानंच. आमची मान जाते, यांची कंबर.

फोटो घरी नानांना पाठवला. उत्तर आलं, “ही वेल हाये का वांग्याचं झाड?”

ताई आणि दाजी ल्योंला राहतात. दिवाळी उरकून गेलो, कारण नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार गाठायचा होता. त्या दिवशी ‘बोजोले नुव्हो’, म्हणजे त्याच वर्षीच्या द्राक्षांची कोवळी वाइन, जगभर एकदम विक्रीला निघते. सप्टेंबरात वेलीवर असलेला घड नोव्हेंबरात बाटलीत. १९५१ पासून अशी कोवळी वाइन अधिकृतपणे विकली जाते, तिसऱ्या गुरुवारचा मुहूर्त मात्र १९८५ चा. ल्योंचे लोक म्हणतात, आमच्या शहरात तीन नद्या आहेत: ऱ्होन, सोन आणि बोजोले. तिथल्या खाणावळीत ही वाइन जाड बुडाच्या ४६ सेंटीलिटरच्या बाटलीत येते. हा आकडा कुठून आला ते दाजींना विचारलं, तर म्हणाले, “बिल बघ, आकडा विसरशील.”

बुधवारी सकाळी गाडी काढली. सगळीकडे धुकं, बागांची पानं पिवळी-तांबडी होऊन गळायला आलेली. पहिला मुक्काम ब्रुईचा डोंगर. डोंगर म्हणायचा इतकंच, उंची पाचशे मीटरसुद्धा नाही. माथ्यावर एक छोटं चर्च. स्वच्छ दिवशी इथून आल्प्सचं शिखर मों ब्लां दिसतं म्हणे. आम्हाला पन्नास पावलांवरची गाडी दिसत नव्हती.

पण त्या चर्चचं नाव ऐकून मी थबकलो. नोत्र-दाम-ओ-रेझँ, द्राक्षांची माउली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतून एक रोग युरोपात शिरला. घडावर राख उधळल्यासारखी पांढरट बुरशी, मग मणी तडकायचे. बागा बसल्या, तेव्हा १८५० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी देवीला साकडं घालून हे चर्च उभं केलं. अजूनही सप्टेंबरात लोक वर चढून येतात. ताई फ्रेंच पाटी वाचून सांगत होती, “ओइडियम नावाचा काहीतरी फंगस...” मी म्हटलं, “ताई, भुरी! भुरी आहे ती!” आमच्या घरात दरवर्षी ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर जिच्या नावानं झोप उडते, तिच्यासाठी इथं दगडाचं देऊळ. पुढे गंधकाची धुरळणी सापडली आणि रोग आवाक्यात आला. नानासुद्धा गंधकच मारतात. आणि डावणीला, म्हणजे वेलीच्या दुसऱ्या एका बुरशीला, ‘बोर्डो’. बोर्डो हे इथून बरंच पश्चिमेला असलेलं, वाइनचंच एक शहर आहे हे मी नानांना कधी सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी ते मोरचुदाचं आणि चुन्याचं पाणी.

रात्री बोजो गावात पोचलो. याच गावावरून प्रदेशाचं नाव पडलं. थंडी अशी की नाक आहे की नाही ते चाचपावं. छाटणीच्या काड्यांच्या मशाली घेऊन मिरवणूक निघते, पिंपं गावातून नेतात, आणि बाराच्या ठोक्याला तोटी ठोकतात. गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या पालखीचीच आठवण आली, फक्त इथं बुक्क्याऐवजी हातात प्लास्टिकचे पेले.

पहिला घोट. रंग जांभळा, जांभूळ खाऊन जीभ होते तसा. आणि वास चक्क पिकल्या वेलची केळ्याचा! ताईला वाटलं मी फेकतोय. पण केळ्याचा वास हे नुव्होचं जुनं लक्षण आहे, आणि त्याला कारण आहे. गामे जातीची ही काळी द्राक्षं चिरडत नाहीत, अख्खे घड टाकीत सोडतात. तळातले मणी वरच्या वजनानं फुटतात, तो रस आंबू लागतो, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. मग वरचे न फुटलेले मणी हवेवाचून आतल्या आत आंबायला लागतात, सालीच्या आतच. चार-पाच दिवसांत टाकी उपसली की रंग मिळतो, फळाचा वास मिळतो, सालीचा तुरटपणा मात्र फारसा उतरत नाही. म्हणून घड न दुखवता तोडायचा. निर्यातीचा माल पेटीत भरताना आई जशी मण्याला बोट लागू देत नाही, तसंच.

खरं सांगायचं तर, दुसऱ्या पेल्यानंतर मला कंटाळा आला. सरबत आहे ते, गंमतीचं.

मत बदललं दुसऱ्या दिवशी, विलिए-मोर्गोंला. बोजोलेत दहा ठिकाणांना स्वतःच्या नावानं वाइन विकायचा मान आहे, आणि त्या नावांखाली नुव्हो काढता येत नाही. त्यातलं मूलाँ-आ-व्हाँ, म्हणजे ‘पवनचक्की’, गाडीतूनच पाहिलं, ती पवनचक्की तेवढी लक्षात राहिली. मोर्गोंला मात्र एका शेतकऱ्याच्या तळघरात दोन तास गेले. त्यानं आधी मूठभर माती दाखवली. तांबूस-करडा भुसभुशीत दगड, बोटांनी चुरता येणारा. त्याला ते ‘सडका खडक’ म्हणतात. आमच्याकडे सरळ मुरूम म्हणतात आणि रस्त्यावर टाकतात.

मग दोन पेले: एक नवा, एक नऊ वर्षांचा. तीच गामे. जुन्यातलं केळं कुठल्या कुठे गेलेलं, चेरीचा गर, ओल्या मातीचा वास, मागे रेंगाळणारी आंबट धार. मोर्गों अशी मुरली की फ्रेंचमध्ये त्याला क्रियापदच आहे, वाइन ‘मोर्गोंते’. आणि ही जात कोणती? १३९५ साली उत्तरेकडच्या बर्गंडी प्रांताच्या फिलिप ड्यूकनं ‘अत्यंत वाईट आणि बेइमान’ म्हणून उपटून टाकायला लावलेली! गुन्हा काय, तर फार पिकते. इकडे दक्षिणेच्या ग्रॅनाइटवर ती टिकली. दाजींना गाडी चालवायची होती, त्यांनी नुसता वास घेतला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरी बाटली त्यांच्यासाठी विकत घेतली.

नाना माळकरी. वाइन कशी लागली हे ते विचारणार नाहीत हे ठाऊक होतं. पण भुरीच्या देवीची गोष्ट मी त्यांना रेकॉर्ड करून पाठवली होती, तेव्हा परतीच्या वाटेवर फोन आला. तिकडे दुपारचे चार, मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज.

“ते लोक अजून गंधकच मारत्यात का?”

“हो नाना.”

“लिटरला किती ग्रॅम?”

मला कुठं माहीत. तसं म्हटलं.

“मग गेला कशाला तिकडं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.