तुमच्या गाडीच्या रस्त्याचे पैसे कोण भरतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझी गाडी विजेवर चालते हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो: "आम्ही पेट्रोलच्या थेंबाथेंबावर कर भरतो. तुम्ही रस्ता फुकट वापरता, हे बरोबर आहे का?"

बरोबर नाही. गाडी नवी होती तेव्हा मी हे मान्य करत नसे. धूर सोडत नाही, एवढं पुरे, असं वाटायचं. पण अनेक देशांत इंधनावरचा कर तिजोरीत मोठी भर घालतो, कुठे कुठे रस्त्यांची डागडुजीही त्यातूनच होते. मी रात्री केबल लावतो, हिरवा दिवा लुकलुकतो, मीटर फिरतो. त्या बिलात रस्त्याचा वाटा नसतो. विजेवर कर असलाच तर तो मिक्सरला आणि गाडीला सारखाच.

न्यूझीलंडने यावर सरळ मार्ग काढला. १ एप्रिल २०२४ पासून तिथे विजेच्या गाड्यांनाही दर १००० किलोमीटरमागे ७६ डॉलर भरावे लागू लागले. जेवढं चालाल तेवढं भरा. मला हे पटतं. असा आकार मला लागला तर मी तक्रार करणार नाही.

"तुमची गाडी जड, रस्ता उखडते," हेही ऐकवलं जातं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या चाचणी-रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवून झीज मोजली होती. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचं (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं तर झीज सोळापट होते. माझी गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा पाव हिश्शाने जड धरली तर झीज अडीचपटीच्या आसपास. कमी नाही. पण एक टनाच्या आसाच्या जागी दहा टनांचा आस आला, की तीच झीज दहा हजारपट! म्हणून आकारणी वजनावरही हवी, आणि ट्रकना त्यातून वगळून चालणार नाही.

मला जास्त टोचते ती सवलत. नॉर्वेने २००१ पासून विजेच्या गाड्यांवरचा मूल्यवर्धित कर माफ केला. गाड्या भरपूर खपल्या, हवेसाठी ते चांगलंच झालं. पण टक्क्यांतली माफी म्हणजे गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी. २०२३ मध्ये त्यांनी ती किमतीच्या पहिल्या ५ लाख क्रोनरपुरती ठेवली. हे आधीच व्हायला हवं होतं. बसने जाणाऱ्याच्या करातून माझ्यासारख्याला नवी गाडी स्वस्त मिळावी, याचं समर्थन मला करता येत नाही.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनीही जुनी विजेची गाडी घेतली आहे. त्यांना पार्किंग नाही. ते आठवड्यातून दोनदा सार्वजनिक चार्जरवर रांगेत थांबतात आणि युनिटला माझ्याहून कितीतरी जास्त मोजतात. परवा त्यांनी मोबाइलवर पावती दाखवली, मी माझं बिल काढलं. जिन्यात उभं राहून दोघांनी आकडे ताडून पाहिले. माझ्यासारख्यांकडून किलोमीटरचे पैसे घेतले, तर त्यातले पहिले अशा रस्त्याकडेच्या चार्जरवर खर्च व्हावेत. "तोवर तुमची केबल आठवड्यातून एक रात्र मिळेल का?" त्यांनी विचारलं. आता बुधवारची रात्र त्यांची आहे.