पाव गोळी

आमच्या घरात दारू हा शब्द मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. वडिलांनी दोन एकर रान आणि आईची पुतळ्यांची माळ पिऊन घालवली होती. त्यामुळं मी थेंबाला शिवलो नाही, आणि त्याची घमेंडही मला चांगलीच होती. गल्लीत कुणी झिंगून पडलेला दिसला की मी वाट बदलायचो. त्याच वर्षांत माझ्या चष्म्याच्या डबीत अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट घालवून झोप आणणाऱ्या गोळ्यांची, पट्टी असायची.

सुरुवात २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पूर ओसरल्यावर शटर उघडलं, तर भरायला आलेल्या चाळीसेक मोटारी गाळात. शेतकऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? झोप गेली ती गेलीच. पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडायची. ओळखीच्या डॉक्टरांनी पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, "पंधरा दिवस घ्या" म्हणाले. काय झोप लागली त्या रात्री!

ती पंधरा दिवसांची चिठ्ठी मी साडेतीन वर्षं चालवली. ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विकली की वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची, असा नियम २०१४ पासून आहे. नियम आपल्या जागी, मेडिकलवाला आपल्या ओळखीचा. २०२१ चा पूर आला तोवर पावची एक मिलिग्रॅम झाली होती, पुढं दीड. सकाळी अकराच्या सुमाराला हात कापायचे, जीव घाबरायचा. मला वाटायचं, आजारच वाढलाय. मग दुपारीही एक.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याहून आलेल्या मुलीच्या हाताला ती डबी लागली. तिनं पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "बाबा, आजोबा बाटली लपवायचे म्हणून तुम्हीच सांगता ना?" मला राग आला. पट्टी कचऱ्यात टाकली आणि सांगितलं, आजपासून बंद.

ही माझी सगळ्यात मोठी चूक. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी बनियन घामानं निथळत होतं, ट्यूबलाइट डोळ्यांत खुपत होती, कातडीवर मुंग्या फिरत होत्या. तीस वर्षं ज्या हातांनी बारीक तांब्याची तार गुंडाळली, त्यांना चहाची कपबशी धरवेना. मुलीनं टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की असं एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, आजच्या आज मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून ओपीडीबाहेर बसलो. मान खाली. शेजारी खेड्यावरचा एक माणूस, बायको त्याचा दंड धरून बसलेली. त्यानं विचारलं, "तुमची कुठली, देशी?" म्हटलं, "नाही, गोळ्या." तो हळहळला. "लई वाईट बघा त्या!"

आत डॉक्टर मॅडमनी आधी घरच्यांची चौकशी केली. मी छाती काढून सांगितलं, वडील पीत, मी कधीच नाही. त्यांनी केसपेपरच्या मागं पेननं एक चौकोन काढला. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते मेंदूचा ब्रेक. दारू तोच ब्रेक दाबते, ही गोळीही तोच. रोज बाहेरून कुणी ब्रेक दाबायला लागलं की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो. मग तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते, आणि गोळी उतरली की गाडी सुसाट सुटते. सकाळी अकराची ती घबराट पुराची नव्हती, रात्रीची गोळी उतरल्याची होती. वडिलांची दारू आणि माझी गोळी एकाच दारानं आत जात होत्या, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

पण पुराची भीतीही खरीच होती. ती गोळीखाली नुसती झाकली गेली होती. म्हणून दोन्हींवर बरोबरच उपचार करायचे, असं ठरलं. भीतीसाठी सर्ट्रालिन सुरू झाली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तीही आपल्या मनानं सोडायची नाही. अल्प्राझोलाम लवकर उतरते म्हणून तिच्या जागी सावकाश उतरणारी डायझेपाम आली, आणि ती दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची. किती आणि कधी, ते मॅडम ठरवणार.

माझं काम फक्त ब्लेडनं गोळी कापायचं. वायंडिंगचा मिस्त्री, त्यामुळं पाव म्हणजे पावच! कारागिरीचं समाधान तेवढं होतं. दुकानाच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर तारीख आणि गोळी लिहीत गेलो. आमच्या गावात नाद हा कौतुकाचा शब्द आहे, कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद. ही वही मात्र मी कुणाला दाखवली नाही.

पहिली निम्मी वाट सोपी गेली. शेवटच्या पावाला चार महिने लागले. मध्ये एकदा, भावकीतल्या लग्नाच्या गडबडीत, मागं जावं लागलं. मला ते नापास झाल्यासारखं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "पाऊल मागं घेतलंय, रस्ता सोडलेला नाही." झोपेसाठी शिस्त लावली होती. झोप येवो न येवो, पहाटे साडेपाचला उठायचं, आणि वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणात लोळत पडायचं नाही. तसा उठून मी कित्येक रात्री सोप्यात जुन्या मोटारी खोलत बसलो. बायकोनं त्याचा आवाज सोसला, ते उपकार वेगळेच. पहाटे रंकाळ्याला फेरी. डिसेंबरात वहीत शेवटची नोंद झाली.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. रात्री दोनला पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि छाती पूर्वीसारखीच धडधडत होती. हात उशाशी गेला. तिथं नुसता चष्मा होता. तो डोळ्यांवर चढवला, पोराला उठवलं आणि दोघांनी उजाडेपर्यंत खालच्या फळीवरच्या सगळ्या मोटारी माळ्यावर चढवल्या.