‘गाडी गरम कधी होते, ते आधी सांग’

गेल्या जुलैत सॅन होजेहून लॉस एंजेलिसला निघालो होतो. आय-५ महामार्गाचा सपाट, भाजून काढणारा पट्टा संपतो आणि समोर एकदम डोंगर उभा राहतो. या चढाला इकडे ग्रेपव्हाइन म्हणतात. जवळजवळ ६ टक्के चढ, आणि वर १,२६३ मीटरवर टेहोन खिंड. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशी पाटीच तिथे लावलेली आहे. मी एसी बंद केला, तरी दुसऱ्याच मैलात तापमानाचा काटा हलला.

गाडी १९९१ ची माझदा मियाटा. दोन सीट, कापडी छत, १.६ लिटरचं इंजिन. लहानपणापासून अशी गाडी घ्यायची होती, ती चाळिशीत घेतली. हिचा तापमानाचा काटा एकदा वर आला की मध्याच्या किंचित डावीकडे बसतो आणि तिथून ढळत नाही. म्हणूनच तो मध्य ओलांडून चढायला लागला तेव्हा छातीत धस्स झालं. छत उघडलं, हीटर पूर्ण गरमवर लावून त्याचा पंखा जोरात सोडला. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो, तेवढी उष्णता तो इंजिनातून ओढून घेतो. काटा थोडा उतरला. पुढच्या फाट्याला बाहेर पडलो, बॉनेट उघडून तासभर सावलीत बसलो. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

घरी परतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. काहीही न तपासता ‘हेड गास्केट गेलंय’ म्हणाले आणि गाडीच्या निम्म्या किमतीचं बिल सांगितलं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो खालच्या भागावर घट्ट बसावा म्हणून मधे असते ती पट्टी म्हणजे हेड गास्केट. हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे फार तापलं तर वाकतं, हे खरं. पण न बघता कसं कळलं, हा प्रश्न काही जाईना.

रात्री साताऱ्याला फोन लावला. बाबा एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. मी किती तापली ते सांगत होतो, त्यांनी मध्येच थांबवलं.

“किती ते राहू दे. गाडी गरम कधी होते, ते आधी सांग. सिग्नलला उभी असताना, का पळताना?”

“पळताना. त्यातही चढावर. गावातल्या ट्रॅफिकमध्ये काही होत नाही, बाबा.”

“मग फॅनच्या मागे लागू नकोस. पळत्या गाडीला वारा फॅनपेक्षा जास्त लागतो. एक तर पाणी फिरत नाही, नाहीतर वारा मिळत नाही. पण आधी गास्केटची शंका फेडून घे, म्हणजे झोप लागेल.”

पार्टच्या दुकानात पैसे डिपॉझिट ठेवून तपासायची नळी मिळते. ती रेडिएटरच्या तोंडाला लावायची, आत निळं द्रव असतं. इंजिन चालू ठेवून कूलंटवरची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावरची, हवा त्यातून ओढायची. गास्केट फुटून जळलेला गॅस पाण्यात शिरत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटं टक लावून बघत होतो. निळं ते निळंच राहिलं. तेलात दुधाळपणा नव्हता, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गास्केट शाबूत.

फॅनही बघून घेतला. या गाडीत बॉनेटखाली तपासणीची छोटी डबी असते. तिच्यातली ‘टीएफए’ आणि ‘ग्राउंड’ ही दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून चावी ऑन केली की फॅन फिरायला हवा. फिरला. १९९६ च्या आधीची गाडी असल्याने आजच्यासारखा स्कॅनर लावून आकडे वाचायची सोय नाही, असंच एकेक करून बघावं लागतं. पाणी तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवला. ८२ अंशांच्या आसपास त्याची पितळी झडप हळूच उघडली, गार झाल्यावर मिटली. तोही निर्दोष.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन गरम रेडिएटरवर वितावितावर रोख धरला. वरच्या टाकीशी ९० च्या घरात आकडा, आणि मधल्या पट्ट्यात अचानक ६० च्या आत. तिथून पाणी जातच नव्हतं, नळ्या गाळाने बुजल्या होत्या. टाकीचं काळं प्लास्टिक पिवळट तपकिरी पडलं होतं, नख लावलं तर कपचे निघत होते. रेडिएटर बदलला. जुनं कूलंट एक थेंबही जमिनीवर सांडू दिलं नाही. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. नवं भरताना गाडीचं नाक उंच करून, हीटर उघडा ठेवून सगळी एअर काढली.

पाचेको पास आम्हाला जवळ. शनिवारी दुपारी तिथे चढवली. बरीच सुधारली होती, पण ताशी ६५ मैलांवर काटा पुन्हा केसभर सरकला. मी खचलो. नवा रेडिएटर, नवं पाणी, आणखी काय राहिलं?

बाबा म्हणाले, “व्हिडिओ लाव. फोन गाडीच्या नाकाखाली धर, वर बघणारा.” मी जमिनीवर आडवा होऊन धरला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

“मला रेडिएटरचा खालचा काठ दिसतोय. तिथे काही झाकण असतं का रे?”

असतं. बंपरपासून रेडिएटरच्या मागेपर्यंत प्लास्टिकचा अंडरट्रे असतो, तो नाकात शिरलेली हवा रेडिएटरमधूनच जायला लावतो. माझ्या गाडीला तो नव्हताच. आधीच्या कुणीतरी काम करताना काढून परत लावला नसावा. चार बोल्टची भोकं तेवढी रिकामी. वेगात हवा खालून निसटत होती, आणि उलट खालूनच इंजिनखोलीत शिरून रेडिएटरच्या मागे कोंडत होती. म्हणून गावात ठीक आणि हायवेवर गरम.

“आमच्या गाड्यांनाही रेडिएटरभोवतीचा पत्रा निघाला की खंबाटकीत पाणी फेकायच्या,” बाबा म्हणाले. “वाऱ्याला सोपी वाट दिसली की तो जाळीतून कशाला जाईल?”

भंगारच्या यार्डातून अंडरट्रे आणला, एका कोपऱ्याला चीर होती ती पट्टी लावून बुजवली. ऑगस्टमध्ये ४० अंशांच्या उन्हात पुन्हा ग्रेपव्हाइन. त्याच मैलावर माझा हात आपोआप हीटरकडे गेला होता. काटा मध्याच्या किंचित डावीकडे होता, आणि खिंड येईपर्यंत तिथेच राहिला.

वर थांबून काट्याचा फोटो बाबांना पाठवला. साताऱ्यात तेव्हा पहाट असणार, पण उत्तर लगेच आलं: “छान. आता थंड झाल्यावर पाणी बघ.”

तासाभराने बघितलं. कूलंटच्या बाटलीतली पातळी सकाळी होती तिथेच, दोन खुणांच्या मध्ये.